अशी मुलगी इथं नाही

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझी पोस्ट निघाली नाही. म्हणजे मध्येच थांबवून कोणी विचारायला नको. अजूनही लग्नात, बारशात, अगदी दवाखान्याच्या बाकड्यावरसुद्धा कोणी ना कोणी भेटतं, "तू ती स्पर्धा परीक्षा देणारी ना?" म्हणतं, आणि पुढचा प्रश्न ठरलेला. नाही निघाली म्हटलं की तोंड असं पाडतात, जसं काही माझ्या घरात कोणी गेलंय. मग मलाच त्यांची समजूत घालावी लागते, की अहो, मी बरी आहे, दिंडोरीजवळ द्राक्षाच्या एका पॅकहाउसमध्ये नोकरी करते, पेट्या भरणाऱ्या बायकांच्या पाळ्या लावते, त्यांच्याशी दिवसभर भांडते आणि त्यांच्यातच बसून डबा खाते. त्यावर ते "असू दे, असू दे" म्हणतात. मला या "असू दे"चा भारी राग येतो.

तर ही हकिगत त्या नोकरीच्या आधीची. मी नाशिकला अशोक स्तंभाजवळच्या एका अभ्यासिकेत बसत होते आणि माझे आईवडील इगतपुरीला रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होते. वडिलांना मी आप्पा म्हणते. ते रेल्वेत पॉइंट्समन होते. कसाऱ्याहून घाट चढताना गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, ती वर आल्यावर सोडवायची, डबे या रुळावरून त्या रुळावर घ्यायचे, असलं उन्हापावसातलं काम. इगतपुरीचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला मी वेगळं काही सांगायला नको. त्या पावसात त्यांनी सगळी नोकरी काढली आणि त्या वर्षी जानेवारीच्या अखेरीला ते रिटायर होणार होते.

रेल्वेत माणूस महिन्याच्या शेवटच्या तारखेला रिटायर होतो. त्या दिवशी हॉलमध्ये खुर्च्या मांडतात, हार, शाल, नारळ होतो, आणि त्या माणसाच्या शेजारी त्याच्या घरच्यांना बसवतात. मग तो माइकवर येऊन आपल्या घरच्यांची ओळख करून देतो. हा आमचा मोठा, बँकेत असतो. ही धाकटी, इंजिनियर, पुण्याला असते. आमच्या कॉलनीत ही ओळख म्हणजे फार मोठी गोष्ट. माणसानं जन्मभर काय कमावलं ते त्या दोन वाक्यांवरून ठरतं आणि त्यावर आठवडाभर नळावर चर्चा चालते. लहानपणी मी असले कितीतरी समारंभ पाहिले, कारण शेवटी वडा आणि पेढा मिळायचा. आप्पा दर वेळी घरी येताना म्हणायचे, "माझ्या टायमाला तू बसायची माझ्या शेजारी. तुझी आई काय स्टेजवर यायची नाय." मी एकुलती एक. दुसरं बसणार तरी कोण होतं.

आणि मी मनात ठरवून टाकलं होतं की जायचं नाही. पुढच्याच महिन्यात मुख्य परीक्षा होती, हे सांगायचं कारण. खरं कारण असं की माइकवर आप्पा माझ्याबद्दल काय सांगणार, ते मला ऐकायचं नव्हतं. ही माझी मुलगी, ही वयाच्या तिशीला आली तरी अभ्यास करते. त्यापेक्षा खुर्ची रिकामी बरी, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटत होतं.

अभ्यासिका म्हणजे मेडिकलच्या दुकानावरचा एक लांबट हॉल. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकात एक खुर्ची, एक ट्यूब आणि वर रंगानं लिहिलेला नंबर. अर्ध्या भागात मुलं, अर्ध्यात मुली, मध्ये जाड निळा पडदा. मालक माणूस चांगला होता, पण त्याला नावं लक्षात राहत नसत. राहणार तरी कशी, माणसं यायची आणि दोन निकालांत गळून जायची. तो आपला नंबरानंच हाक मारायचा. एकोणीस, लाइट घालवा. सव्वीस, तुमची गाडी बाजूला घ्या. त्याचं ऐकून आम्हीही एकमेकींना नंबरानंच बोलवायला लागलो. कोणी कोणाचं नाव विचारत नसे. नाव विचारलं की गाव निघतं, गाव निघालं की घर निघतं, घर निघालं की डोळ्यांत पाणी येतं आणि त्यात सगळी दुपार जाते. विचारायचा प्रश्न एकच, कितवा अटेम्प्ट?

मी एकोणीस. माझ्या शेजारी वीस. ती माझ्याहून बरीच लहान, सटाण्याकडची असावी, कारण जिन्यात उभी राहून घरी फोन करायची तेव्हा तिचं अहिराणी "शे, शे" माझ्या कानावर यायचं. दोन वर्षं शेजारी बसून मला तिची एवढीच माहिती. ती मला एकोणीस ताई म्हणायची. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, उलट बरंच वाटायचं. एकोणीस ताईला ना आईबाप होते, ना वय, ना मागचे निकाल. कप्प्याच्या भिंतीवर प्रत्येकीनं आपल्याला हवी ती पोस्ट कागदावर लिहून चिकटवलेली असायची. माझ्या समोर मोठ्या अक्षरात 'तहसीलदार' होतं. सकाळी आल्यावर मी त्या कागदाकडं बघायचे आणि जाताना परत एकदा बघायचे. आरशात बघायचं मात्र राहून जायचं.

मुळात मी अशी नव्हते हो. मुळात मी भयंकर बडबडी. शाळेत असताना आप्पांचा डबा घेऊन स्टेशनवर जायचे आणि तिथंच रमायचे. हमालांशी गप्पा, चहावाल्याशी भांडण, गाडीच्या अनाउन्समेंटची नक्कल. आणि माझं हसणं. ते काही चारचौघींसारखं नाजूक नाही, पोटातून येतं आणि एकदा सुटलं की आवरत नाही. आप्पा सगळ्यांना कौतुकानं सांगायचे, आमची पोरगी दोन नंबरला हसली की चार नंबरवरची माणसं मागं वळून बघत्यात. आई म्हणायची, पोरीच्या जातीला शोभतं का हे. आप्पा म्हणायचे, शोभायचं काय त्यात, आनंद झालाय तिला.

अभ्यासिकेत आल्यावर पहिल्याच आठवड्यात समोरच्या कप्प्यातल्या मुलीच्या खुर्चीचा पाय मोडला. हातात राज्यघटनेचं पुस्तक तसंच उघडं धरून ती सावकाश खाली गेली, आणि खाली बसल्यावरही बिचारी वाचतच होती. मला हसू फुटलं. तोंडात ओढणी कोंबली तरी फुटलंच. मालक पडद्याबाहेर येऊन खाकरला आणि म्हणाला की एकोणीस, इथं लोकांची आयुष्यं पणाला लागलीत, हसायचं असेल तर बाहेर बागेत जा. तेवढ्यानं काही वाटलं नसतं. पण कोपऱ्यातली एक मुलगी उठून माझ्याजवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "माझा शेवटचा अटेम्प्ट आहे गं." तिचे डोळे भरले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मी हसू गिळायला शिकले. पहिले काही महिने गिळावं लागत होतं. मग गिळावं लागेनासं झालं, कारण येतच नव्हतं. मला वाटलं, चला, आपली एकाग्रता वाढली.

एका रविवारी सकाळी मेसवाल्या काकूंकडं पोळी मागायला गेले तर आवाजच फुटेना. खाकरले, परत बोलले, तेव्हा कुठं घोगरं काहीतरी बाहेर पडलं. मग ध्यानात आलं की शनिवारी दिवसभर मी एका माणसाशीही बोलले नव्हते. शुक्रवारीही बोलले होते की नाही, आठवेना. त्यानंतर मला एक सवय लागली. संध्याकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, जायचं आणि भेळेच्या गाडीपाशी नुसतं उभं राहून लोकांचं बोलणं ऐकायचं. कोणाची सासू कशी वागली, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, कोणाच्या पोरानं दहावीला काय दिवे लावले. काहीही चालायचं. एकदा एक बाई तिच्या नवऱ्याला म्हणाली, "अहो, ही कोण, कधीची आपल्याकडं बघतेय." मी लाजून तिथून निघाले आणि भाजीबाजारापर्यंत रडत गेले. एकटेपणा म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि ते सांगायला माणूस नव्हतं.

अधूनमधून कोणी निवड झालेला अधिकारी अभ्यासिकेत भाषणाला यायचा. तुम्ही म्हणजे तुमचा निकाल नव्हे, या प्रवासात स्वतःला हरवू नका, वगैरे. टाळ्या. मला तर संताप यायचा. अरे बाबा, तुझा निकाल लागला म्हणून तर तुला बोलावलंय ना, नाहीतर तुला इथं चहा तरी कोणी विचारला असता का? ज्याचा नाही लागला त्याला एकदा उभं करा तिथं. पण ही असली बडबड मनातल्या मनात. बाहेरून मी टाळ्याच वाजवत होते.

त्याच्या आदल्या वर्षीच्या दिवाळीत घरी आमचं मोठं वाजलं होतं. थोडक्यात हुकलेला निकाल नुकताच लागला होता, आणि शेजारचे काका फराळाला आले असताना त्यांनी तो ठरलेला प्रश्न विचारला. आप्पा नेहमीप्रमाणे अभिमानानं म्हणाले, नाशिकला असती, मोठ्या परीक्षेचा अभ्यास करती. काका हसले. नुसतं हसले, दुसरं काही नाही. ते गेल्यावर मी आप्पांवर असं काही तोंड टाकलं की विचारू नका. माझ्याबद्दल लोकांना सांगताच कशाला, पोस्ट निघेपर्यंत मी या घरी येणार नाही, आणि मला भेटायलाही कोणी यायचं नाही. आप्पांच्या हातात चकली होती, ती त्यांनी परत ताटात ठेवली.

मी शब्द पाळला. पुढची दिवाळीसुद्धा नाशिकच्या कॉट बेसिसवरच्या खोलीत काढली. दर रविवारी आईला फोन करायचे तेवढाच. जानेवारी लागला तसा तोही बंद केला. पेपर होईपर्यंत फोन नाही, असं आईला सांगून मोबाइल बंद करून पेटीत टाकला. आमच्यात ही पद्धतच होती. कोणी केस कापायचं नाही, कोणी पिक्चर बघायचा नाही, कोणी फोन बंद. जितकं जास्त सोडाल तितकी पोस्ट जवळ येते, असा आमचा सगळ्यांचा समज होता. रिटायरमेंटला येत नाही हे मात्र मी आईला सांगितलं नव्हतं. सांगायची हिंमत झाली नव्हती.

जानेवारीच्या मधल्या आठवड्यातला दिवस. थंडी अशी की बोटं पेनाभोवती वळत नव्हती. मी सकाळपासून वेळ लावून सराव पेपर सोडवत होते, कानात कापसाचे बोळे. संध्याकाळी खाली टपरीवर चहाला गेले तर वीस नंबर आधीच तिथं उभी. दिवसभरात कोणाशी तरी बोलायचं असतं म्हणून ती बोलायला लागली.

दुपारी एक काका आले होते, ती म्हणाली. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, थोडे लंगडत होते. मालक जेवायला गेले होते आणि ती नेमकी दारात चपला घालत होती. काका पोरीला शोधत होते. या भागातल्या सगळ्या अभ्यासिका फिरून आलो म्हणाले, पोरीनं एवढंच सांगितलंय की खाली मेडिकल आहे. पण इथं प्रत्येक जिन्याखाली मेडिकल, बिचाऱ्यांना काय सापडणार. त्यांनी नाव सांगितलं, पण तिला कुठं कोणाची नावं माहीत. मग ते ती पोरगी कशी आहे ते सांगायला लागले.

"काय सांगितलं?" मी विचारलं.

"म्हणे लय बडबडी हाय, कोणाशीबी भांडती, आणि हसली की दोन नंबरवरून चार नंबरपर्यंत ऐकू जातं." वीस नंबर हसली. "मी म्हटलं, काका, अशी मुलगी इथं नाही. इथं सगळ्या मुक्या. असती तर आम्हाला कळलं नसतं का?"

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मग ते काय म्हणाले, असं मी विचारलं, की नुसते ओठ हलवले, कोण जाणे. ती म्हणाली, काही नाही, जिन्याच्या पायरीवर बसले थोडा वेळ. तिनं पाणी दिलं ते प्यायले. मग म्हणाले, बरं पोरी, आमचंच काही चुकलं असंल. आणि गेले.

माझी खुर्ची त्या दारापासून हाकेच्या अंतरावर होती. मध्ये तो निळा पडदा आणि माझ्या कानात कापूस.

मी चहा तिथंच ठेवला. धावत खोलीवर गेले, पेटीतून फोन काढला, लावला. आप्पांचा फोन वाजून वाजून बंद झाला. आईला लावायला बोट धजेना, कारण आईला आप्पांनी काय सांगितलं असेल ते मला माहीत नव्हतं. अंगावरच्या स्वेटरवर तशीच निघाले. नाशिकरोडची बस, मग मिळेल ती गाडी. खिडकीशी बसून मी एकच विचार करत होते. ज्या माणसानं गावभर सांगितलं की माझी पोरगी नाशिकला अभ्यास करते, त्याला आज नाशिकमध्ये दारोदार फिरून ऐकायला मिळालं की अशी मुलगी इथं नाही. त्यानं काय समजायचं? की ही दोन वर्षं खोटं बोलत होती. की कोणाबरोबर तरी निघून गेली. फोन बंद, पत्ता अर्धा, भेटायला यायची बंदी. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच समजले असते. देवळाली गेलं, घोटी गेलं, आणि मला वाटत होतं की गाडी मुद्दाम रखडतेय.

दार आईनं उघडलं. मला बघून ती आधी घाबरली, मग तिचा चेहरा फुलला. "अगं, आत्ता दुपारी तर भेटली तू यांना. म्हटली असतीस तर बरोबरच आली नसतीस?"

मी उंबऱ्यातच उभी राहिले. आई माझी पिशवी शोधत होती, पिशवी नव्हतीच. ती आपली बोलत होती, की यांनी येऊन सगळं सांगितलं, पोरगी बरी हाय, तब्येत चांगली हाय, अभ्यास लय हाय म्हणून जास्त वेळ बसली नाय, पण हसत होती नेहमीसारखी. "तुझ्यासाठी चिवडा दिला होता, तो तेवढा पिशवीतच राहिला म्हणे. विसरले. आता वय झालं यांचं."

आतल्या खोलीच्या दारात आप्पा येऊन उभे राहिले होते. ते माझ्याकडं बघत नव्हते, माझ्या चपलांकडं बघत होते. आईला त्यांनी काहीच कळू दिलं नव्हतं. मी खोटी निघाले असं समजूनसुद्धा त्यांनी माझी बाजू सावरून ठेवली होती, आणि ती सावरताना माझं हसूसुद्धा विसरले नव्हते. मला तिथल्या तिथं जमिनीनं गिळावं असं वाटलं.

आई चहा टाकायला आत गेली. आप्पा बाहेर ओट्यावर जाऊन बसले, मी त्यांच्या शेजारी. यार्डात इंजिनाची शंटिंग चालू होती. मी किती वेळ नुसती नखं कुरतडत बसले. त्यांनी विचारलं असतं, रागावले असते, एक थोबाडीत ठेवून दिली असती तर फार सोपं गेलं असतं. शेवटी मीच म्हटलं, "आप्पा, मी तिथंच होते. आईशप्पथ. पडद्याच्या आत बसले होते, कानात बोळे घालून. जिनं तुम्हाला पाणी दिलं ना, ती माझ्या शेजारीच बसते. दोन वर्षं झाली."

त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं. किती दिवसांनी पाहत होते. माझे गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, अगदी स्पष्ट दिसली, खांदे एकदम खाली आले. मग ती हळूहळू गेली आणि ते विचारात पडले.

"म्हणजे ती पोरगी खोटं बोलत नव्हती," ते म्हणाले.

मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागले, आणि आई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तिला वाटलं परीक्षेची भीती वाटतेय. ती म्हणाली, काय एवढं, नाय झालं तर नाय झालं. आप्पा माझ्या पाठीवर थोपटत राहिले, लहान मुलाला थोपटतात तसं. समारंभाचा विषय त्यांनी काढलाच नाही, खरंतर त्यासाठीच ते नाशिकला आले होते. मलाच विचारावं लागलं, एकतीसला किती वाजता आहे. दुपारी, ते म्हणाले, पण तुझा पेपर असंल. पेपर नाही त्या दिवशी, मी म्हटलं. तेवढ्यावर आमचं ते बोलणं संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी परत गेले. परीक्षा द्यायचीच होती, ती काही मी सोडली नव्हती. कप्प्यात बसण्याआधी वीस नंबरच्या खांद्याला हात लावला आणि तिला माझं नाव सांगितलं. ती माझ्याकडं बघतच राहिली. मग तिला कळलं. तिचं तोंड एवढंसं झालं आणि ती सारखी सॉरी ताई, सॉरी ताई म्हणायला लागली. मी म्हटलं, तुझं काही चुकलेलं नाही, तुझं नाव सांग. तिनं सांगितलं. त्यानंतरही सवयीनं ती मला एकोणीस ताईच म्हणायची, आणि मीही ओ द्यायचे. एकटेपणा काही त्या एका दिवसात पळून गेला नाही. मी बरेच दिवस मुद्दाम हसून बघायचे, बाथरूममध्ये, नळ सोडून. भलताच आवाज यायचा. माझ्या मलाच ते ऐकवत नसे. भिंतीवरचा तहसीलदार तसाच ठेवला होता, पण त्याच्याकडं बघताना आता मधूनच एक शंका यायची, की समजा हा मिळालाच, तर तो मिळेल कोणाला?

एकतीस तारखेला हॉल भरला होता. आप्पांबरोबर आणखी एक जण रिटायर होत होते. त्यांचे दोन्ही मुलगे सुटाबुटात आले होते, एक मोठ्या कंपनीत, दुसरा परदेशात जायच्या तयारीत, आणि त्यांनी ते सगळं तपशीलवार सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई पहिल्या रांगेत पदर घट्ट धरून बसली होती. मी आप्पांच्या शेजारी स्टेजवर. आईच्या कपाटातली जरीची साडी नेसले होते. समोर ते दिवाळीतले काकासुद्धा होते. मला पळून जावंसं वाटत होतं, आणि आप्पांना ते कळत होतं, कारण त्यांनी माझ्या खुर्चीच्या हातावर आपला हात ठेवला होता.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाबूंनी आप्पांच्या पुढं माइक धरला. आप्पांना माइकची सवय नव्हती, ते आधी घसा खाकरले आणि तो आवाज सगळ्या हॉलभर झाला. मग ते उठून उभे राहिले.

"ही माझी मुलगी," ते म्हणाले.

हॉल पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला. बाबूंना वाटलं, म्हाताऱ्याला सुचत नाहीये, म्हणून त्यांनी मदत केली. "हो, पण काय करतात ताई?"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं, मग समोर बसलेल्या सगळ्या माणसांकडं.

"ती आलीय," ते म्हणाले.

बाबू माइक तसाच धरून उभे राहिले, पुढं आणखी काही येईल म्हणून. आप्पा खाली बसले. त्यांचं सांगून झालं होतं.